गिरगाव ते अंधेरी: सेकंडहँड बेस, ॲम्प आणि गिटार पारखताना

सेकंडहँड बेस किंवा गिटार बघायला गेलं की पहिली दहा मिनिटं वाजवायचं नाही. आवाज एकदा कानात बसला की नेकची (वाद्याच्या मानेची) वाक डोळ्यांना दिसते, पण मन ती मानत नाही. म्हणून क्रम ठरलेला ठेवायचा. जे दुरुस्त होत नाही ते आधी: नेकचा पीळ, संपलेला ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिची वाक काढणारी सळई), हेडस्टॉकच्या (तारांच्या चाव्या असतात त्या टोकाच्या) मागची चीर, ॲम्पचा व्होल्टेज. जे पैसे टाकून दुरुस्त होतं ते नंतर: फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), पॉट (नॉबखाली फिरणारा भाग), जॅक (केबल घालायचं भोक). आवाज सगळ्यात शेवटी.

पुतण्याच्या बँडला बेस, एक इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प हवे होते. जाहिराती चाळून तीन ठिकाणं निघाली. गिरगावात जॅझ बेस (फेंडरच्या एका बेसच्या मॉडेलचं नाव), वांद्र्यात अमेरिकेहून आणलेला ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) आणि अंधेरीत ‘ओरिजिनल गिब्सन लेस पॉल’. तिन्ही पश्चिम रेल्वेवर, त्यामुळे एकाच रविवारी उरकायचं ठरलं.

निघण्याआधी विकणाऱ्यांकडून फोटो मागवले. जाहिरातीतला समोरून काढलेला देखणा फोटो फारसं काही सांगत नाही. हेडस्टॉकची मागची बाजू, सिरियल नंबर, नेक आणि बॉडीचा सांधा, जवळून काढलेला ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), आणि ॲम्प असेल तर मागची प्लेट, एवढं हवं. बेसच्या नंबरची सुरुवात ‘आयसीएस१३’ अशी होती. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या वाद्यांवर त्याचा अर्थ इंडोनेशिया, कोर्टचा कारखाना, स्क्वायर, साल २०१३. फेंडरचे नंबरही असेच वाचता येतात. अमेरिकेत बनलेल्यांवर ‘एस’ म्हणजे सत्तरचं दशक, ‘ई’ ऐंशीचं, ‘एन’ नव्वदचं, ‘झेड’ २००० नंतरचं, आणि २०१० पासून ‘यूएस’ व त्यापुढे सालाचे दोन आकडे. मेक्सिकोच्या वाद्यांवर ‘एमएन’, ‘एमझेड’, मग ‘एमएक्स’. ‘एमझेड४’ म्हणजे २००४. एखाद्या वर्षाचा फरक धरून चालायचं, कारण आधी बनवून ठेवलेली नेक नंतर वापरली गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. शिवाय नंबर छापलेला असतो, तो कुणालाही पुन्हा छापता येतो. त्यावरून अंदाज बांधायचा आणि खातरजमा हातात घेतल्यावर करायची.

पिशवीत अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, फीलर गेज, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), क्लिप ट्यूनर, मल्टिमीटर, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, ॲलन कीचे दोन संच, बॅटरीवरचा छोटा ॲम्प आणि स्वतःची केबल होती. फीलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा संच, मोटरसायकलचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तेच. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानात मिळतं. ॲलन की मिलिमीटरच्याही हव्यात आणि इंचाच्याही. १/८ इंच म्हणजे ३.१८ मिमी. तिथे ३ मिमीची की आत जाते, थोडी फिरतेही, आणि जोर लावला की ट्रस रॉडच्या नटाचे कोपरे गोल करून टाकते. मग त्या नेकचं काही खरं नाही. आपली केबल अशासाठी की खरखर आली तर “केबल जुनी आहे हो” ही सबब उरत नाही.

गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर बेस आधीच बाहेर काढून ठेवला होता. तारा उतरलेल्या होत्या. ढिल्या तारांवर नेक तपासण्यात अर्थ नाही, ताण आला की मगच ती आपली खरी वाक दाखवते. ई, ए, डी, जी सुरात लावून घेतल्या. मग बेस नेम धरल्यासारखा उचलून बॉडीकडून हेडस्टॉकच्या दिशेने फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा एका डोळ्याने बघितल्या. दोन्ही कडा सारख्या वाकलेल्या असतील तर ती वाक ट्रस रॉडने निघते. एक कड सरळ आणि दुसरी कमानीसारखी असेल तर नेकला पीळ आहे, आणि पिळावर ट्रस रॉडचा काही इलाज चालत नाही. असं दिसलं की वाद्य परत ठेवायचं, किंमत कितीही उतरली तरी.

आता मोजमाप. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला आणि जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबून धरली. अशी दाबलेली तार म्हणजे तयार सरळ पट्टीच. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांच्यातली फट फीलर गेजने मोजायची. ०.३५चं पान सैल गेलं, ०.५०चंही सैल गेलं, ०.६०चं तारेला चाटून गेलं. बेसला ०.३ ते ०.४ मिमी पुरते, इलेक्ट्रिक गिटारला ०.२५च्या आसपास. बारीक जी तारेखाली ०.५५ आली. दोन्ही बाजू जवळपास सारख्या, म्हणजे पीळ नाही, फक्त वाक जास्त.

मुंबईत पावसाळा काढलेल्या वाद्यात हे नेहमी दिसतं. दमट हवा लाकडात शिरते, नेक पुढे झुकते, तारा उंचावतात. एसीत राहिलेल्या वाद्याचं उलट होतं. बोर्ड सुकून आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेबाहेर येतात. हाताचा तळवा नेकच्या कडेवरून खालपर्यंत फिरवला की ती टोचतात. इथे टोचली नाहीत.

खरा प्रश्न ट्रस रॉडमध्ये जीव आहे का, हा. विकणाऱ्या मुलाला विचारलं, “रॉड पाव फेरा फिरवून बघू का? तुझ्यासमोरच.”

“काका, तुटणार नाही ना?”

भीती रास्त आहे. तारा दोन सूर उतरवल्या, बरोबर बसणारी की शोधली, की नटात शेवटपर्यंत गेली आहे याची खात्री केली आणि हेडस्टॉककडून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा दिला. नट जड होता, पण अडकलेला नव्हता. तारा पुन्हा सुरात लावून माप घेतलं. ०.४५. म्हणजे रॉड ओढतो आहे आणि नटाला अजून जागा आहे. नट फिरला पण माप बदललं नाही, किंवा नट आधीच टोकाला जाऊन बसला आहे, तर तो व्यवहार तिथेच थांबवायचा. जुन्या पद्धतीच्या काही फेंडर नेकांचा नट बॉडीच्या बाजूला असतो आणि नेक सोडवल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. विकणारा ते करू देत नाही. मग वाक आधीपासूनच ०.४च्या आत असेल तरच पुढे जावं, असं माझं मत आहे.

फ्रेट बघायला जुनं एटीएम कार्ड पुरतं. त्याची सरळ कड शेजारच्या तीन फ्रेटवर टेकवायची आणि हलवून बघायची. डुललं तर मधला फ्रेट उंच. अकराव्या-बाराव्यापाशी कार्ड किंचित डुललं, पण तिथे वाजवताना तार खरखरली नाही, म्हणून सोडून दिलं. पहिल्या चार फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा होत्या, नखाला लागतील इतक्या. घासून सपाट केलं की जातील. नव्या मध्यम जाड फ्रेटची उंची १.१ ते १.२ मिमी असते. घासल्यावर ०.६च्या खाली जाणार असेल तर फ्रेट बदलावे लागतात, आणि या दर्जाच्या बेसला तो खर्च परवडत नाही. इथे ०.९ उरत होती.

फ्रेटबोर्ड शिसवीचा. यावरूनही सालाचा पडताळा घेता येतो. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आल्या आणि अनेक कारखाने पाऊ फेरो, लॉरेल अशा लाकडांकडे वळले. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. २०१३च्या बेसवर शिसवी असणं जुळतं.

ब्रिजवर मात्र मुंबईची खारी हवा स्पष्ट दिसत होती. सॅडलच्या (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते त्या तुकड्याच्या) उंचीच्या आठ स्क्रूंपैकी तीन गंजून जाम झाले होते. पिकअपच्या (तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी कॉइलच्या) लोखंडी खांबांवर तांबूस बुरा, जॅकच्या कडेला हिरवट थर. गंजलेला स्क्रू जोराने फिरवायचा नाही, त्याचं षट्कोनी भोक लगेच झिजतं. गंज सोडवणारं तेल थेंबभर सोडून रात्रभर ठेवावं लागतं. जाता जाता एक खूण सांगतो. फेंडरच्या अमेरिकी गिटारींवर या स्क्रूला बहुधा ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमीची की लागते आणि आशियाई बनावटीच्या वाद्यांवर १.५ मिमीची. ‘मेड इन यूएसए’ लिहिलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या सॅडलला १.५ची की घट्ट बसली तर निदान ब्रिज तरी मूळचा नाही.

आता मल्टिमीटर. या तपासणीला ॲम्प लागत नाही, आणि अर्ध्या मिनिटात जे कळतं ते तासभर वाजवूनही कळत नाही. केबल बेसमध्ये घातली, दुसऱ्या टोकाच्या प्लगच्या टोकावर एक प्रोब आणि दांड्यावर दुसरा, मीटर २० किलोओहमच्या पट्ट्यावर. टोन पूर्ण उघडा, नेकच्या बाजूच्या पिकअपचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, ब्रिजवाल्याचा बंद: ६.९ किलोओहम. उलट केलं: ७.२. दोन्ही उघडे: ३.६. हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणजे दोन्ही कॉइल शाबूत आहेत आणि समांतर जोडलेल्या आहेत. कॉइलचा खरा रोध थोडा जास्त असतो, ७.३ आणि ७.६च्या घरात. २५० किलोओहमचे दोन व्हॉल्यूम पॉट त्याला समांतर येतात म्हणून मीटर कमी दाखवतो. कॉइल तुटली असती तर त्या दोन पॉटचाच रोध दिसला असता, १२५ किलोओहमच्या आसपास. एकच व्हॉल्यूम असलेल्या वाद्यात मेलेला पिकअप २५० किंवा ५०० दाखवतो, पॉट ज्या किमतीचा असेल त्याप्रमाणे.

ताळा घ्यायला काही आकडे लक्षात ठेवावेत. प्रिसिजन बेसचा दुभंगलेला पिकअप १० ते ११ किलोओहम, स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साधारण ५.५ ते ६.५, जुन्या धाटणीचा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) ७.५ ते ८.५. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह सर्किटला यातला एकही आकडा लागू पडत नाही. तिथे ९ व्होल्टची बॅटरी काढून तिचा डबा बघायचा. बॅटरी पाझरून संपर्काच्या पट्ट्या खाल्ल्या गेलेल्या असू शकतात.

प्रोब तसेच ठेवून व्हॉल्यूम सावकाश फिरवला. नेकवाल्याचा आकडा एका लयीत बदलत गेला. ब्रिजवाल्याचा मध्येच उड्या मारत होता. पॉटच्या कार्बनवर मळ साचला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून नॉब पंधरा-वीस वेळा फिरवला तर बहुतेक वेळा जातो, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून नवा पॉट आणायचा. दारांच्या बिजागरीला मारायचं तेल पॉटमध्ये मारू नये, ते मळ धरून ठेवतं.

एवढं झाल्यावर बॅटरीचा ॲम्प जोडला. ट्यूबलाइटखाली उभं राहून एकच पिकअप उघडा ठेवला की घुमघुम येत होती, दोन्ही पूर्ण उघडल्यावर ती गेली. जॅझ बेसचे दोन पिकअप उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोघांची घुमघुम एकमेकांना मारते. दोन्ही उघडूनही ती जशीच्या तशी राहिली असती तर कुणीतरी एक पिकअप बदलला आहे किंवा जोडणी चुकली आहे असं समजायचं. मग जी तारेवर पाचव्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर लांब धरून ऐकला. या जातीच्या बेसमध्ये तिथे एखादा सूर पटकन मरतो. इथे सहाव्यावर थोडा लवकर विरत होता, पण वाजवताना खटकेल इतका नाही. वजन सामानाच्या काट्यावर ४.१ किलो भरलं. पट्ट्याला लावून हात सोडला तर नेक खाली झुकली नाही.

२२ हजार सांगितले होते. गंजलेले स्क्रू, खाचा, खरखरणारा पॉट आणि नव्या तारा असा हिशेब त्या मुलासमोर मांडला आणि १८ हजारांना बेस घेतला. घासाघीस करताना दोष दाखवून द्यावा, वाद्याला नावं ठेवू नयेत. समोरच्याने ते जपलेलं असतं.

वांद्र्याच्या ॲम्पची मुख्य अडचण फोटोतच कळली होती. मागच्या प्लेटवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १८० वॉट. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. असा ॲम्प थेट बोर्डात घातला तर फ्यूज जातो, आणि फ्यूजच्या जागी कुणी तार बांधलेली असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. म्हणून पहिलं काम फ्यूज बाहेर काढून बघण्याचं. काचेची नळी, आत अखंड तार, टोपणावरचा आकडा प्लेटवर छापलेल्या आकड्याशी जुळणारा. इथे ठीक होतं. प्लेटवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असेल तर काही प्रश्न नाही, हल्लीचे हलके बेस हेड पुष्कळदा तसे असतात. काही ट्यूब ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्टच्या तारा मुळातच दिलेल्या असतात आणि जाणकार तंत्रज्ञ जोडणी बदलून देतो. आपण स्वतः डबा उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये ॲम्प बंद करून प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टच्या आसपास भार शिल्लक राहू शकतो.

या ॲम्पला तशा तारा नव्हत्या. ज्या बाई तो विकत होत्या त्यांच्या मुलाने स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर वापरला होता आणि तोही सोबत मिळणार होता. खरी चूक तिथेच सापडली. ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजूला दोन चपट्या खाचांचं सॉकेट होतं आणि ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगवर अडॅप्टर चढवून तो त्यात बसवला होता. म्हणजे अर्थची पिन हवेत. मल्टिमीटरने ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीकडच्या प्लगची अर्थ पिन आणि ॲम्पचा धातूचा सांगाडा यांच्यातली जोडणी तपासली. काहीच नाही, मीटर उघडं सर्किट दाखवत होता. अशा ॲम्पला गिटार जोडून एक हात तारांवर असताना ओठ माइकला लागले तर जिवावर बेतू शकतं.

“ताई, हा ट्रान्सफॉर्मर नको. ॲम्प याच्यावर लावूही नका आता,” एवढं सांगून आधी त्यांच्या घरातलं सॉकेट तपासलं. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दीड. उत्तम अर्थिंग. जुन्या चाळींत आणि जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि अर्थच्या भोकामागे तारच नसते. तिथे फेज-अर्थचा आकडा कुठेतरी मध्येच तरंगतो. घर कितीही नवं रंगवलेलं दिसलं तरी हे माप घेतल्याशिवाय ट्यूब ॲम्प लावायचा नाही.

आदल्या दिवशी लोहार चाळीतून घेतलेला ट्रान्सफॉर्मर बरोबर होता, ५०० व्हीए, ११० व्होल्ट, आत-बाहेर दोन्हीकडे तीन पिना आणि अर्थ आरपार जोडलेली. तेच माप पुन्हा घेतलं: अर्ध्या ओहमपेक्षा कमी. १८० वॉटच्या ॲम्पला २०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर कागदावर पुरतो, प्रत्यक्षात तासाभरात तापतो, म्हणून दुपटीहून जास्त घ्यावा. १२० ऐवजी ११० व्होल्ट मिळाले तर ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ऐवजी ५.८ व्होल्टच्या जवळपास मिळतात, आणि ते चालतं. उलट ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेव्हा व्होल्टेज थोडा कमी असलेला बराच.

ॲम्प चालू करण्याआधी स्पीकरची तार काढून तिच्या दोन टोकांत रोध मोजला: ६.४ ओहम. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७च दाखवतो, १६चा साधारण १२-१३, ४चा ३ ते ३.५. दोन्ही हातांची बोटं पसरून स्पीकरचा कागद हलकेच सरळ आत दाबला. आतून खरडल्याचा आवाज आला तर कॉइल घासते आहे. आवाज आला नाही. स्पीकरच्या चौकटीवरचा आकडाही वाचून घ्यावा. अमेरिकी स्पीकरवर सुरुवातीचे आकडे कारखान्याचे असतात, २२० म्हणजे जेन्सन, ६७ म्हणजे एमिनन्स, आणि पुढचे आकडे साल व आठवड्याचे. स्पीकरची तार पुन्हा जोडली आहे हे दोनदा बघितलं. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि त्या ॲम्पमधली सगळ्यात महाग वस्तू तीच असते.

स्टँडबायवर एक मिनिट तापू दिला, मग पूर्ण चालू. दिवा मालवून मागून ट्यूब बघितल्या. आतला फिलामेंट नारिंगी दिसणं बरोबर. बाहेरचा राखाडी पत्रा लाल होऊ लागला तर लगेच बंद करायचं. लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक ट्यूबवर टिचकी मारली. छोट्या १२एएक्स७ ट्यूबपैकी पहिलीवर स्पीकरमधून ‘टंग’ असा आवाज आला, तेव्हा ती एक बदलायची. काहीच न जोडता व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ऐकलं. बारीक सळसळ, घुमघुम नाही. व्हॉल्यूम शून्यावर असूनही १०० हर्ट्झची जाड घुमघुम येत असेल तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असं समजावं, पंधरा-वीस वर्षांत ते होतातच. मग वीस मिनिटं वाजवत ठेवला, कारण ट्यूब ॲम्पचे पुष्कळसे दोष गरम झाल्यावरच वर येतात. हा टिकला. नव्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि एक ट्यूब वजा करून व्यवहार ठरला.

पुतण्या लगेच बेस जोडायला निघाला होता. त्याला थांबवलं. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर असते, बेसची ४१वर, आणि पाच तारांच्या बेसची बी तार ३१वर. उघड्या पाठीच्या गिटार ॲम्पमध्ये तेवढे खालचे सूर मोठ्याने वाजवले की स्पीकरचा कागद त्याच्या मर्यादेपलीकडे पुढे-मागे धावतो आणि कॉइल सुटते. गिटार बेस ॲम्पवर वाजवली तर मात्र काही बिघडत नाही.

अंधेरीचं काम दहा मिनिटांत झालं. नंबर आठ आकडी होता, ९१३५२४०७. गिब्सनच्या १९७७ ते २००५च्या पद्धतीने पहिला आणि पाचवा आकडा साल, दुसरा ते चौथा वर्षातला दिवस, म्हणजे १९९२चा १३५वा दिवस. नंबर नियमात चपखल बसत होता, बाकी काहीच बसत नव्हतं. ट्रस रॉडच्या झाकणाला तीन स्क्रू होते, गिब्सनला दोन असतात. झाकण उघडलं तर आत ॲलन कीचं भोक, जिथे ५/१६ इंचाचा पितळी षट्कोनी नट हवा. हेडस्टॉकच्या मागे नेकला आडवी सांध्याची रेघ होती, आणि गिब्सन लेस पॉलची नेक व हेडस्टॉक सलग लाकडाचे असतात. ब्रिजच्या खांबांवर जाड स्क्रूड्रायव्हरच्या खाचा. मागचं झाकण काढू दिलं तेव्हा आत १६ मिमीचे छोटे पॉट आणि रंगीत प्लास्टिकच्या तारा. त्या काळातल्या गिब्सनमध्ये २४ मिमीचे पॉट असतात आणि त्यांच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. १३७ने सुरुवात म्हणजे सीटीएस कंपनी, मग साल, मग आठवडा. १३७९२०८ म्हणजे १९९२चा आठवा आठवडा. पॉटची तारीख वाद्याच्या आधीची असते. ती नंतरची निघाली तर पॉट बदललेला आहे किंवा नंबर खोटा आहे.

विकणाऱ्यानेही ती गिटार खरी समजूनच घेतली असावी. त्याला हे सगळं एकेक करून दाखवलं आणि निघालो. एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ‘गिवसन’ ही भारतीय बनावटीची वेगळी गिटार आहे, ती नकली गिब्सन नव्हे. जाहिरातीत एका अक्षराचा घोळ होतो, म्हणून हेडस्टॉकचा फोटो मागवावाच. आणि खऱ्या लेस पॉलच्या बाबतीत तारा टेकतात त्या नटाच्या मागे, हेडस्टॉकचा कोन सुरू होतो तिथे, टॉर्च आडवा धरून बघावा. पडली की ती तिथेच मोडते, आणि चिकटवलेली चीर रंगाखाली केसासारखी दिसते.

बेसच्या ॲम्पसाठी पुढच्या आठवड्यात धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये गेलो. १८६५ पासूनचं दुकान, तिथे दोन-तीन ॲम्प शेजारी ठेवून एकाच बेसवर ऐकता येतात. बेस आपला न्यावा. घरात वाजवायला २५ ते ४० वॉट पुरतात, ड्रमसोबत सराव करायचा तर १०० पासून पुढे. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, तेव्हा ४० ऐवजी ६०साठी जास्त पैसे मोजण्यात फार हशील नाही. शेजाऱ्यांची भिंत सामाईक असलेल्या घरात हेडफोनचं भोक जास्त कामाचं. उघडी ई तार जोरात छेडून सगळे नॉब मध्यावर ठेवायचे. डबा खडखडला किंवा सुराऐवजी नुसता धप्प आवाज आला तर तो स्पीकर लहान आहे. १० इंची स्पीकरचा ४० वॉटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) घेतला, मागे डीआय आउट असलेला, म्हणजे कार्यक्रमात थेट मिक्सरला देता येईल.

बेसवर ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या तारांचा नवा संच चढवला. एका वेळी एकच तार बदलली, म्हणजे नेकवरचा ताण एकदम गेला नाही. दोन दिवस तसाच ठेवून पुन्हा माप घेतलं. आठव्या फ्रेटवर ०.४०, म्हणून आणखी एक अष्टमांश फेरा, आणि ०.३५वर थांबलो. गंजलेले स्क्रू तेलाने सुटले होते. सतराव्या फ्रेटवर जाड ई तार २.४ मिमी, जी तार २ मिमी उंचीवर आणली. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघितला. दाबलेला चढा आला की सॅडल मागे, उतरलेला आला की पुढे, आणि प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावून. ए तारेला सॅडल तीन मिलिमीटर मागे न्यावं लागलं. बाकीच्या तारा अर्ध्या-एका मिलिमीटरवर भागल्या.